चाचांची सरकी

सुलेमानचाचा पिंजारी यांनी मला मदत केली, हे आधी लिहून ठेवतो. काय घडलं ते मागाहून सांगेन. माझा स्वभाव घाबरट आहे. सांगण्याच्या भरात मूळ माणसाचंच नाव राहून जाईल, अशी मला धास्ती वाटते. तर, माझ्या वडिलांनी तीन वर्षं मला एक ओळ लिहिली नव्हती. ती त्यांनी लिहिली, ती सुलेमानचाचांमुळे. आणि सुलेमानचाचांना लिहिता-वाचता येत नाही.

येत नाही, पण त्यांच्याइतका कडक वाचक मी पाहिलेला नाही. त्यांना गोष्ट वाचून दाखवायची म्हणजे डोक्याला पंचा गुंडाळून बसावं लागतं. कारण ऐकताना ते सरकीची वाटी हाताशी घेतात. सरकी म्हणजे कापसातलं बी. पिंजताना जी निघते ती ते वाटीत साठवतात, आणि ती साठवण्याचं कारण साहित्य हेच आहे. लेखकाने एकच गोष्ट दोनदा सांगितली, की एक सरकी फेकून मारतात. कारण नसताना कोणी रडलं, की एक सरकी. आणि लेखक स्वतः मध्ये घुसून 'वाचकहो, यावरून बोध घ्यावा' असं म्हणाला, की मूठभर. ही सरकी लेखकाला लागत नाही. तो पुण्या-मुंबईला सुखरूप असतो. लागते ती वाचणाऱ्याला, म्हणजे मला, आणि बहुतेक करून कानावर.

"चाचा, हे मी लिहिलेलं नाही हो!" पहिल्या दिवशी मी कळवळून म्हणालो.

"पन वाचं ते तूच ना?" चाचा म्हणाले. "वाचतांना तुले लाज नही वाटनी?"

नंदुरबारला मी कसा आलो ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी शोभा होण्यासारखं काही नाही. माझे वडील विजयदुर्गाच्या अलीकडच्या एका गावात शाळामास्तर. त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच हाताखाली, मी सहावीच्या गणितात नापास झालो आणि घरी न सांगता मामाची चिठ्ठी घेऊन पळालो. मामाच्या ओळखीने इथल्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्यांची वजनं मांडणारा कारकून झालो. गणितात नापास झालेल्या माणसाला देव कुठे नेऊन बसवील सांगता येत नाही.

आल्याआल्या लोकांनी गाव विचारलं. मी म्हणालो, कोकण. त्यांनी मला नवापूरकडच्या डोंगरातला कोकणी आदिवासी समजून विचारलं, "कोणता पाडा?" मी समुद्राकडचा, हे पटवण्यात पहिला आठवडा गेला. समुद्र कोणी पाहिलेला नव्हता आणि माझ्याकडे पुरावा नव्हता.

खोली मिळाली ती चाचांच्या भिंतीला भिंत लावून. दिवस उजाडला की पलीकडून कापूस पिंजायच्या धनुष्याची तार बोलायला लागायची, तुंई-धुंई, तुंई-धुंई. मला वाटलं कोणी वाद्याचा रियाज करतंय. दाद द्यायला म्हणून दारात गेलो तर आत पांढरं धुकं, आणि धुक्यात एक माणूस. त्यांच्या भुवया, दाढी, पापण्या सगळ्यांवर कापूस बसलेला. कापूस कुठे संपतो आणि दाढी कुठे सुरू होते ते मला अजून नक्की सांगता येणार नाही, त्यामुळे वयही सांगता येत नाही. मी कारकून आहे, वाचनालयातून पुस्तकं आणतो, एवढं कळताच त्यांनी मला 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली. खऱ्या मास्तरांचा पळपुटा मुलगा मी. त्या हाकेने मला रोज एक पट्टी बसायची.

दर रविवारी दुपारी जिन बंद असायचं. मग मी पुस्तक घेऊन चाचांच्या ओट्यावर, आणि चाचा समोर गादीला टाके घालत. गोष्टीबद्दल बोलायला त्यांच्याकडे पिंजाऱ्याचेच शब्द होते. वर्णन पानभर लांबलं की ते म्हणत, "फुगेल शे." म्हणजे नवा पिंजलेला कापूस कसा कमरेइतका वर येतो, पाहणारा खूश होतो, आणि महिन्याभराने तीच गादी पापडासारखी बसते, तसं. एखादा प्रसंग उगाच मध्ये आला की म्हणत, "गाठ ऱ्हायनी." नायिका चंद्राकडे बघून चौथ्यांदा बेशुद्ध पडली, तेव्हा त्यांनी सुई खाली ठेवून काळजीने विचारलं, "हिले घरमा कोनी खावाले देत नही का?"

एकदा मी धीर करून म्हटलं, "चाचा, लेखकाला काही सांगायचं असतं. दारू वाईट, गर्व वाईट, असं काहीतरी. ते त्याने सांगू नये का?"

चाचांनी शेजारची नवी शिवलेली गोधडी माझ्या मांडीवर टाकली.

"इन्हामा ऊब शे?"

"आहे की."

"कोठे शे? बोट ठेईसन दखाड."

मी गोधडी उलटी केली, सुलटी केली. बोट ठेवायला जागा सापडेना.

"नही ना दिसत? पांघर. मंग लागी." चाचा पुन्हा टाका घालू लागले. "तुन्हा लेखक गोधडीवर 'ऊब' आसं लिखी देस, आन आतमा कापूस घालाले इसरी जास."

मी मान डोलावली. समजलं असं दाखवलं. खरं सांगायचं तर त्या वेळी मला ते फारसं समजलं नव्हतं आणि थोडा रागही आला होता. कारण त्या काळात मी स्वतः गुपचूप लिहीत असे, आणि माझ्या लिखाणात चंद्राची फार ये-जा होती.

पण चाचा नुसते टीकाकार नव्हते. हे मला तापीकाठच्या एका गुजर घराच्या गाद्यांनी शिकवलं. त्या घरची सासू गाडीभर गाद्या-उशा घेऊन आली होती. मोठं तालेवार घर, केळीचे मळे, आणि बाई अशी की बैलसुद्धा तिला विचारून शेपटी हलवत असावेत. चाचांनी एक लहान उशी उसवली. आतला कापूस बोटांत घेतला, चोळला, आणि कोणाची उशी म्हणून विचारलं. सासू म्हणाली, नव्या सुनेची, फाल्गुनात लग्न झालं. चाचांनी थोडा वेळ डोकं खाजवलं.

"बेन, हाऊ कापूस खराब शे. हिना माहेरना कापूस लागी. तठला धागा येगळा ऱ्हास."

"आमचा काय कमी आहे?" सासू तडकली.

"तुमना लई भारी शे. इतला भारी उशीले चालत नही. पोरले धाडा, चार दिन ऱ्हाई, निवडीसन आनी. दुसरानी आनेल नही चालाव."

सासू बडबडत गेली, पण सून माहेरी गेली. आठवड्याने कापसाचं गाठोडं घेऊन हसत आली. मी चाचांना विचारलं, माहेरचा धागा खरंच वेगळा असतो का?

"कापूस ते कापूस," चाचा म्हणाले. "उशीनी एक बाजू कडक व्हयेल व्हती."

"मग तसं सासूला सांगायचं."

"आसं सांगं आसतं, ते पोरले मार बसता."

तेव्हा मला कळायला पाहिजे होतं, की जो माणूस सुनेची उशी वाचतो तो शेजाऱ्याचीही वाचणार. पण मी माझ्या भोळेपणात पुढच्या होळीला माझी उशी त्यांच्याकडे पिंजायला दिली. चाचांनी ती उसवली आणि म्हणाले, "मास्तर, तू रडस."

मी म्हणालो, "छे, छे! ते खोबरेल आहे. आम्ही कोकणातले लोक तेल फार लावतो."

"तेल मऊ ऱ्हास," चाचा म्हणाले. "मीठ कडक व्हस."

झालं. मी तिथेच बसलो आणि सगळं सांगून टाकलं. दर महिन्याला वडिलांना पत्र लिहितो. उत्तर येत नाही. आक्काचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, चोरून एखादं कार्ड येतं. तिने कळवलं होतं, की बाबा तुझी पत्रं वाचतात, लाल पेन्सिलीने चुका काढतात, वर गुण देतात आणि फळीवर ठेवतात. बोलत काही नाहीत. मागच्या पत्राला शंभरात तेहतीस पडले. आणि आता तिने लिहिलं होतं की वैशाखात तिचं लग्न आहे. बाबांच्या तोंडून 'सदूला बोलवा' हे निघालेलं नाही. त्यांनी बोलावल्याशिवाय मी गेलो, तर मांडवात सगळ्यांसमोर त्यांनी पाठ फिरवली तर? आणि नाही गेलो तर आक्का सासरी जाईल आणि मला घर असं उरणारच नाही.

"पत्र लिखं का?" चाचांनी विचारलं.

लिहिलं होतं. आठ दिवस खपून लिहिलं होतं. खिशातच होतं. काढलं, घसा साफ केला आणि वाचलं:

"तीर्थरूप बाबांच्या चरणकमळी या अभागी पुत्राचे शिरसाष्टांग दंडवत. हे ताता! पश्चात्तापाच्या वणव्यात माझे अंतःकरण अहोरात्र जळत असून नेत्रांतून अश्रूंच्या सरिता दुथडी भरून…"

पहिली सरकी 'अभागी'वर आली. दुसरी 'ताता'वर. मग चाचांनी मोजणं सोडलं.

"थांब, थांब. वनवा लागना?"

"लागला."

"आन नद्या वाही ऱ्हायन्यात?"

"वाहतायत."

"इतलं पानी शे, ते इझत कशी नही रे तुन्ही आग?"

मला हसू यायला हवं होतं, पण आठ दिवसांची मेहनत होती, मला रडू आलं. चाचांनी वाटी बाजूला सरकवली. हे त्यांनी प्रथमच केलं.

"नवा कागद ले," ते म्हणाले. "आज तू काय खादं?"

"त्याचा काय संबंध?"

"खादं काय?"

"भाकरी. ज्वारीची."

"कोनी थापी?"

"मीच. पहिली करपली."

"मंग ती कोनी खादी?"

"मीच की. दुसरं कोण आहे?"

"लिख."

"हे लिहू? वडिलांना? करपलेली भाकरी?"

"लिख म्हनस ना!"

लिहिलं. इथे भात रोज नसतो. ज्वारीची भाकरी मी आता थापतो, पहिली नेहमी करपते, ती मी खातो. गाड्यांची वजनं मांडताना अजून टेबलाखाली बोटं मोजतो. एखादं वजन चुकलं, की तुम्ही मागे उभे आहात असं वाटून मी हात पुढे करतो. इथला मुकादम मला वेडा समजतो. पण मग वजन बरोबर येतं. आक्काला हिरवा रंग आवडत नाही, लुगडी निवडताना आईला आठवण करून द्यावी, ती स्वतः सांगणार नाही.

शेवटी मी 'मला क्षमा करा' असं लिहायला टाक टेकवला, तर चाचांनी माझं मनगट धरलं.

"ते नको."

"अहो, ते तर सांगायचंय! त्याच्यासाठी तर सगळं!"

"म्हनीसनच नको. ते तुन्हा बापले काढू दे. वाचनाराले बी काही काम ठेव."

"आणि त्यांना नाही कळलं तर?"

"पत्र ठेवस ना तो फळीवर? फेकस नही ना?" चाचा धनुष्याकडे बघत म्हणाले. "मंग त्याले कयी."

पत्र टाकलं आणि माझी झोप उडाली. मला एकसारखं वाटू लागलं, की एका अडाणी पिंजाऱ्याचं ऐकून मी शाळामास्तरला करपलेल्या भाकरीचं पत्र धाडलं. आता तेहतीसही गेले. जिनात मी दोन गाड्यांची वजनं एकमेकांच्या नावावर मांडली आणि बोलणी खाल्ली. चाचांना टाळू लागलो. रविवारी डोकं दुखतं म्हणून सांगितलं. पलीकडून चाचा ओरडले, "मास्तर, डोकं नही, पाय दुखतस तुन्हा!" खरं होतं. त्यांच्या ओट्यापर्यंत जायला पाय धजत नव्हते.

अठराव्या दिवशी पत्र आलं. पत्त्यावरचं अक्षर पाहूनच मी हात पुढे केला, तळवा वर करून. टपालवाला गोंधळला.

मी ते न फोडता चाचांकडे नेलं आणि तिथे फोडलं. वाचायला दोनदा सुरुवात केली. तिसऱ्यांदा जमलं.

"चि. सदाशिवास अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. शुद्धलेखनाच्या चुका अकरा. गुण देण्यास बसलो होतो, देता आले नाहीत. भाकरीचे पीठ कडकडीत पाण्याने भिजवावे व तवा फार तापू देऊ नये, असे तुझी आई सांगते. हे सांगता सांगता ती दोनदा आत जाऊन आली. लुगडे हिरवेच घेतले होते, बदलून आणले. मांडवाचे खांब रोवण्यास माणूस कमी आहे. वैशाखातल्या चतुर्थीपर्यंत यावे."

मी वर पाहिलं. चाचांचे डोळे मिटलेले होते. वाटीला हात लागला नव्हता.

"मास्तर," ते म्हणाले, "तुन्हा बाप लिखनारा शे. तुले कसं नही उनं रे मंग?"

मी हसलो, नाक पुसलं, पाया पडायला वाकलो. त्यांनी मला अर्ध्यातच धरलं आणि मागे वळून गाद्यांच्या ढिगाखालून एक पत्र्याची डबी काढली. डबीत एक कार्ड होतं. कोपरे मऊ पडलेले.

"आते हाई वाच."

कार्ड गुजराती होतं. जिनाच्या शेठजींच्या पेढीवर सगळं गुजरातीत चालतं म्हणून मला ती लिपी येते. कार्ड सुरतेहून होतं, यासीनचं. चाचांना मुलगा आहे हे मला त्या दिवशी कळलं. धनुष्याला बसून कापूस छातीत गेला, खोकला लागला, बापलेकांत शब्द झाले आणि तो सुरतेच्या गिरणीत निघून गेला. सहा वर्षं झाली. हे चाचांनी मला चार वाक्यांत सांगितलं, एकही फुगीर शब्द न वापरता.

कार्डावर पैसे घेऊन लिहून देणाऱ्या पत्रलेखकाच्या वळणदार अक्षरात दोन ओळी होत्या. 'येथील सर्व कुशल. आपली कुशलता चाहतो.' आणि खाली नाव. बस. मी चाचांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि माझ्यातला जुना रोग उसळला. मी न थांबता पुढे वाचलं, "अब्बा, इथे सकाळी भोंगा होतो तेव्हा मला आपल्या धनुष्याचा आवाज आठवतो आणि जीव कासावीस होतो."

सरकी आली नाही. चाचा नुसते हसले.

"चांगलं शे. शिकना तू. पन हाऊ यासीन नही. त्याले त्या आवाजना राग व्हता. कानमा बोटं घालीसन बठे." मग हलक्या आवाजात, "जे शे ते वाच, बेटा."

मी लाजेने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. पुन्हा वाचलं, जे होतं ते, अक्षर अक्षर. आणि त्या वाचनात मला दिसलं, की खालचं नाव पत्रलेखकाच्या हाताचं नव्हतं. शाई तीच, पण अक्षरं मोठी, एकमेकांवर धडकणारी, शेवटचं ओळ सोडून खाली घसरलेलं. माझ्या वडिलांच्या वर्गात बिगरीची मुलं काढतात तसं.

"चाचा, हे नाव त्याने स्वतः काढलंय."

"कोठे?"

मी त्यांचं बोट धरून त्या नावावर ठेवलं. बोट खरखरीत होतं, तारेने चिरलेलं. ते तिथेच राहिलं.

"शाळामा मी नही धाडा त्याले," चाचा म्हणाले. "धनुष्यावर बसाडं." मग, "इतलं शिकाले कितला दिन लागतस?"

"मोठ्या माणसाला, गिरणीतून सुटून रोज बसलं तर… महिना."

"म्हैना," चाचा म्हणाले. बोट हललं नव्हतं. "म्हैनाभर बठना तो."

मी चतुर्थीच्या आत घरी जाऊन खांब रोवणार आहे. परतताना थेट नंदुरबारला येणार नाही, आधी सुरतेला उतरेन. चाचांना हे सांगितलेलं नाही. माझ्या बेतांवर माझाच फार भरवसा नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. या खेपेला जमलं नाही तर पुढच्या, पण जाईन. यासीनला शोधेन आणि त्याच्या शेजारी बसेन. सहावी नापास माणसाला जेवढं येतं तेवढं पुरेल. नावाच्या पुढची अक्षरं त्याला मी शिकवीन.